प्रोजेक्टरचा उजेड मोजताना : आमच्या वाचनालयाचे सहा महिने

गेल्या आठवड्यात वाचनालयाच्या २०२४-२५ च्या हिशेबात ‘प्रोजेक्टर’ या नोंदीसमोर लेखापरीक्षकांच्या हिरव्या पेनाची टिक पडली आणि माझ्या डोक्यावरचं एक ओझं उतरलं. तालुक्याच्या गावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी गेली सहा वर्षं सहकार्यवाह म्हणून काम करते. विज्ञानाशी संबंध दहावीनंतर सुटलेला. तरीही या खरेदीत लुमेन, लक्स, एएनएसआय, आयएसओ हे सगळं मला शिकावं लागलं, आणि ते वाटतं तितकं अवघड नाही हेही कळलं. जे घडलं ते तारखांसकट लिहून ठेवते आहे. शाळा, वाचनालय, महिला मंडळ, कुणीही प्रोजेक्टर घ्यायला निघालं असेल तर उपयोगी पडेल.

सुरुवात ३ फेब्रुवारी २०२४ च्या कार्यकारिणी सभेत झाली. बालविभागात दर शनिवारी मुलांना काहीतरी दाखवावं, व्याख्यानमालेत वक्त्यांना चित्रं लावता यावीत, अशी मागणी दोन वर्षांपासून होती. आमचे अध्यक्ष, ज्यांना गाव तात्या म्हणतं, म्हणाले, “एवढ्यातेवढ्यासाठी पुढची सभा कशाला? पंधरा हजारांच्या आत बसत असेल तर घेऊन टाका.” ठराव झाला. मी आणि ग्रंथपाल ताईंनी ऑनलाइन शोधाशोध केली. एका यंत्रावर ठळक अक्षरांत ‘९,५०० लुमेन’ लिहिलं होतं, किंमत ११,४९९ रुपये. नावाजलेल्या कंपन्यांची यंत्रं पन्नास-साठ हजारांना, आणि त्यांच्यावर ३,५०० लुमेन. आम्हाला वाटलं, तिप्पट उजेड पाचव्या हिश्श्यात मिळतोय. १४ फेब्रुवारीला मागणी नोंदवली. संस्थेच्या खात्याचं कार्ड चालेना म्हणून पैसे माझ्या कार्डावरून भरले आणि बिल माझ्या नावावर निघालं. ही चूक पुढे फार महागात पडणार होती.

२० तारखेला खोकं आलं. रात्री खोलीत लावून पाहिलं तर चित्र बरं दिसलं. ग्रंथपाल ताईंनी जडसंग्रह, म्हणजे टिकाऊ वस्तूंच्या, नोंदवहीत नोंदही करून टाकली.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन. संध्याकाळी सहाला वाचन कक्षात कार्यक्रम ठेवला होता. मुलांनी कविता वाचायच्या आणि त्याच ओळी मोठ्या अक्षरांत भिंतीवर उमटायच्या, अशी कल्पना. आठ फूट रुंद चित्र लावलं. पश्चिमेच्या खिडक्यांतून अजून ऊन येत होतं. भिंतीवर फिकट राखाडी चौकोन दिसत होता, अक्षरं दिसत नव्हती. चौथीतली एक मुलगी ओळ शोधत भिंतीपर्यंत चालत गेली, हाताची सावली धरून वाचायचा प्रयत्न केला आणि माझ्याकडे बघत थांबली. मी तिला माझ्या हातातला कागद दिला. कार्यक्रम पार पडला, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे वर्गणीदारांचे होते.

दुसऱ्या दिवशी विक्रेत्याला लिहिलं, तर यंत्र बदलून मिळण्याची सात दिवसांची मुदत आदल्या दिवशीच संपलेली. शिवाय उत्तर आलं की यंत्रात बिघाड नाही, खोलीत अंधार करा. त्यांचं म्हणणं खोडायचं तर हातात काही आकडा हवा होता. ‘अंधुक दिसतं’ ही तक्रार नसते, तो अनुभव असतो.

शिरवळच्या एका कारखान्यात सुरक्षा विभागात काम करणारा माझा मावसभाऊ कामी आला. कारखान्यांत कामाच्या जागी पुरेसा उजेड आहे का हे तपासायला लक्समीटर वापरतात. त्याच्याकडे स्वतःचा एक होता. त्याने फोनवर अर्धा तास समजावलं आणि मला जे कळलं ते असं.

अंगणात सडा घालताना बादलीत पाणी किती आहे हे एक, आणि अंगणाची एक फूट जमीन किती भिजली हे दुसरं. प्रोजेक्टरच्या भिंगातून बाहेर पडणारा एकूण उजेड म्हणजे बादलीतलं पाणी, तो लुमेनमध्ये मोजतात. भिंतीच्या एक चौरस मीटरवर त्यातला किती पडला ते लक्स. तीच बादली लहान अंगणात रिकामी केली तर चिखल होतो, मोठ्या अंगणात नुसती धूळ दबते. म्हणून चित्र मोठं केलं की अंधुक होतं. आणि म्हणूनच उलट हिशेबही करता येतो : भिंतीवर सरासरी किती लक्स पडले ते मोजायचं, त्याला चित्राच्या क्षेत्रफळाने गुणायचं, की बाहेर पडलेले लुमेन हातात येतात. यंत्र भिंतीपासून किती लांब आहे याने फरक पडत नाही. लांब नेलं तर लक्स घटतात आणि क्षेत्रफळ वाढतं, गुणाकार तोच.

फक्त उजेड सगळीकडे सारखा पडत नाही. मध्ये जास्त, कोपऱ्यांत कमी. मधोमध मोजून गुणाकार केला तर आकडा फुगतो. यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या, म्हणजे एएनएसआयच्या, १९९२ सालच्या मानकात एक पद्धत ठरवून दिली : पूर्ण पांढरं चित्र लावायचं, त्याचे तीन गुणिले तीन असे नऊ सारखे चौकोन करायचे, प्रत्येक चौकोनाच्या मध्यावर लक्स मोजायचे, नऊ आकड्यांची सरासरी काढायची आणि क्षेत्रफळाने गुणायची. ‘एएनएसआय लुमेन’ म्हणतात ते एवढंच. ते मानक नंतर मागे घेतलं गेलं आणि आता आयएसओ २१११८ हे आंतरराष्ट्रीय मानक चालतं. नऊ ठिकाणांची रीत त्यातही तीच आहे.

२ मार्च, शनिवार. मावसभाऊ मीटर घेऊन एसटीने आला. वाचनालय आठला बंद झाल्यावर आम्ही कामाला लागलो : तो, मी, ग्रंथपाल ताई आणि आमचे शिपाई मामा. भिंतीवर बरोबर १.६० मीटर रुंद आणि ०.९० मीटर उंच चित्र बसवलं. यंत्र टेबलावर पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून सरळ पातळीत आणलं. वाकडं ठेवून चित्र सॉफ्टवेअरने चौकोनी करायची सोय असते, पण तिच्यात कडेचा भाग काळा करून टाकला जातो आणि तेवढा उजेड वाया जातो, म्हणून ती बंद ठेवली. मामांनी सुतळीला खडू लावून भिंतीवर रेघा मारल्या, नऊ चौकोन आखले. यंत्र पंधरा मिनिटं चालू ठेवून तापू दिलं, कारण सुरुवातीच्या मिनिटांत उजेड स्थिर नसतो. मग सगळे दिवे बंद, बाहेरच्या फलकाचा बल्बही काढला.

मीटर म्हणजे तळहाताएवढी डबी आणि तिला वायरने जोडलेला पांढरा घुमटीसारखा डोळा. तो डोळा भिंतीला टेकवून, भिंगाकडे तोंड करून धरायचा. आधी यंत्रासमोर पुठ्ठा धरून खोलीचा स्वतःचा उजेड मोजला, ०.३ लक्स, म्हणजे सोडून देण्याजोगा. मावसभाऊ खाली वाकून हात लांब करून मीटर धरत होता, कारण अंगाची सावली पडली की आकडा कोसळतो. पांढऱ्या शर्टावरून परतणारा उजेडही नको म्हणून त्याने मामांचा निळा स्वेटर चढवला होता. तो आकडा सांगायचा, ताई अंधारातच कार्डावर लिहायच्या.

वरची ओळ : ९८, १२१, १०४. मधली : १३२, १७१, १३८. खालची : १०९, १४०, ११२.

बेरीज ११२५, सरासरी १२५ लक्स. क्षेत्रफळ १.४४ चौरस मीटर. गुणाकार १८०.

खोक्यावर ९,५०० आणि भिंतीवर १८०. ताईंनी तीनदा गुणाकार करून पाहिला. मामा म्हणाले, “ताई, पैसे परत मिळाल्याशिवाय सोडू नका.” कोपऱ्यातले ९८ आणि मधले १७१ हेही बघण्यासारखं. डावा वरचा कोपरा मध्याच्या जेमतेम ५७ टक्के उजळ होता.

त्याच रात्री फोनमधलं लक्स मोजायचं ॲपही लावून पाहिलं. मीटर १७१ दाखवत होता तिथे माझा फोन ७४ आणि ताईंचा १३९. फोनचा तो डोळा पडद्याचा उजेड कमीजास्त करण्यापुरता असतो. तिरका उजेड तो नीट धरत नाही. दोन जागांची तुलना करायला चालेल, तक्रारीत लिहायला नाही.

मग ९,५०० आला कुठून? हे मी पुढचे काही दिवस वाचत बसले. नुसतं ‘लुमेन’ लिहिलं असेल तर ते काहीही असू शकतं. बरेचदा तो आतल्या एलईडी दिव्याचा उजेड असतो. तो उजेड चित्र उमटवणाऱ्या पॅनेलमधून, भिंगांतून गाळून भिंतीवर येईपर्यंत त्यातला थोडाच शिल्लक राहतो. कुठे ‘एलईडी लुमेन’ असं लिहितात, त्यामागे डोळ्याची एक गंमत असते. भडक रंगाचा उजेड तितक्याच मापाच्या पांढऱ्या उजेडापेक्षा डोळ्याला जास्त उजळ वाटतो, या परिणामाला हेल्महोल्ट्झ आणि कोलराउश या दोन जर्मन शास्त्रज्ञांची नावं आहेत. परिणाम खरा आहे, पण त्याचा आधार घेऊन मोजलेल्या आकड्याला गुणून मोठं केलं जातं. आणि काही ठिकाणी आकड्यामागे कसलंच मोजमाप नसतं. अशा फुगवलेल्या आकड्यांविरुद्ध एप्सन कंपनीने अमेरिकेत इतर विक्रेत्यांवर दावेही लावलेले आहेत. म्हणजे फसगत फक्त आमच्यासारख्यांची होते असं नाही, हे वाचून थोडा धीर आला.

४ मार्चला विक्रेत्याला नऊ आकडे, भिंतीचा फोटो आणि गणित पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं : ‘९,५०० हे प्रकाशस्रोताचे लुमेन आहेत, एएनएसआय २२० आहेत.’ म्हणजे खरा आकडा त्यांना ठाऊक होता, वस्तूच्या पानावर मात्र कुठेही नव्हता. पान बदलायच्या आत त्याचे स्क्रीनशॉट तारखेसकट काढून ठेवले. तुम्हीही कुठलीही वस्तू मागवताना पानाचा फोटो आधीच काढून ठेवा, नंतर ते पान तसंच राहील याची खात्री नसते.

११ मार्चला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन केला. भाषा निवडता येते, माझं बोलणं मराठीत झालं. बिल, स्क्रीनशॉट, मोजमाप आणि विक्रेत्याचं उत्तर त्यांच्या संकेतस्थळावर चढवलं, तक्रार क्रमांक मिळाला. ही न्यायालयापूर्वीची पायरी आहे, हेल्पलाइन कंपनीला तक्रार पाठवते आणि उत्तर मागते. आदेश देण्याचा अधिकार तिला नाही. तेवढ्याने भागलं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायची तयारी मी ठेवली होती. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्याच दिली आहे, तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगाची फी लागत नाही. हे कळल्यावर भीती निम्मी झाली.

वाट बघणं मात्र जड गेलं. दोनदा ‘तक्रार सोडवली’ असा संदेश आला, दोन्ही वेळा मी ‘समाधान झालं नाही’ असं कळवून ती पुन्हा उघडायला लावली. अखेर २९ मार्चला यंत्र परत न्यायला माणूस आला. ८ एप्रिलला, पाडव्याच्या आदल्या दिवशी, ११,४९९ रुपये खात्यात जमा झाले.

माझ्या खात्यात. इथे खजिनदार काकांनी वही पुढे ओढली. बिल माझ्या नावावर, परतावा माझ्या खात्यावर, आणि मध्ये ३१ मार्च येऊन गेलेला. वाचनालयाने मला दिलेले ११,४९९ वर्षअखेरीला ‘येणे’ म्हणून दाखवावे लागले. नोंदवहीतली प्रोजेक्टरची नोंद खोडता येत नाही, तिच्यासमोर ‘वस्तू परत’ असा शेरा, ठराव क्रमांक आणि तारीख. मी रक्कम लगेच धनादेशाने संस्थेच्या खात्यात भरली, पण कागदपत्रं जुळवायला मला तीन फेऱ्या आणि सभेपुढे एक लेखी खुलासा द्यावा लागला. काका कडक बोलले नाहीत, तरी मला वाईट वाटलंच. संस्थेसाठी काहीही घ्या, बिल संस्थेच्या नावाने आणि पैसे संस्थेच्या खात्यातून. कार्ड चालत नसेल तर खरेदी थांबवा.

५ मेच्या सभेत मी सांगितलं की पुन्हा घ्यायचं तर नीट घेऊ. एका दिवंगत सभासदांच्या कुटुंबाने त्यांच्या स्मृत्यर्थ २५,००० रुपये दिले. रक्कम मोठी असल्याने या वेळी तीन दरपत्रकं : एक साताऱ्यातून, दोन पुण्याच्या तपकीर गल्लीतून. दरपत्रक मागतानाच मी तीन गोष्टी लिहून मागितल्या. उजेडाचा आकडा आयएसओ २१११८ प्रमाणे आहे का, पांढऱ्या उजेडाचा आणि रंगीत उजेडाचा आकडा वेगवेगळा किती, आणि यंत्र आमच्या कक्षात आणून दाखवाल का. एका दुकानदाराने उत्तरच दिलं नाही. त्याच्या जागी तपकीर गल्लीतलंच तिसरं दरपत्रक मिळवायला जूनचे दोन आठवडे गेले.

मधल्या काळात मी मीटर उसना ठेवून घेतला होता आणि कक्ष मोजत होते. माझ्या मते या सगळ्या खटाटोपातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच. प्रोजेक्टर काळा रंग टाकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे जिथे प्रोजेक्टर काही टाकत नाही ती भिंत, आणि खोलीत उजेड असेल तर ती भिंत काळी नसते. म्हणून बघायचं असतं ते प्रमाण : प्रोजेक्टरचे लक्स अधिक खोलीचे लक्स, भागिले खोलीचे लक्स. संध्याकाळी सहाला खिडक्या उघड्या असताना आमच्या भिंतीवर २१० लक्स पडत होते. आठ फुटी चित्राचं क्षेत्रफळ ३.३४ चौरस मीटर. त्यावर त्या यंत्राचे १८० लुमेन पसरले की ५४ लक्स. २१० आणि ५४ मिळून २६४, भागिले २१० म्हणजे सव्वापट. पांढरं अक्षर आजूबाजूच्या भिंतीपेक्षा फक्त सव्वापट उजळ होतं. ती मुलगी भिंतीपर्यंत का चालत गेली ते मला या एका भागाकारात समजलं.

किती प्रमाण हवं, याचंही मानक आहे. इन्फोकॉम या दृक्‌श्राव्य व्यावसायिकांच्या संस्थेने २०११ साली आकडे दिले : नुसतं वरवर बघायला ७, वाचून समजून घ्यायला १५, बारकावे तपासायला ५०, चित्रपटासाठी ८०. जुने झिरझिरीत पडदे ओढले की आमच्याकडे २१० चे ४० लक्स होत होते. म्हणजे पडद्यांनीच काम पाचपट सोपं केलं. एवढा फायदा प्रोजेक्टरकडून घ्यायचा तर पाचपट लुमेन लागले असते आणि त्याची किंमत लाखांत गेली असती. मी सभेत हा आकडा मांडला आणि जाड, आतून काळ्या अस्तराचे पडदे शिवायला ६,८०० रुपये मंजूर झाले. प्रोजेक्टरच्या आधी पडदे, असं ज्यांना ज्यांना मी सांगते त्यांना प्रथम पटत नाही.

२२ जूनला दोन दुकानदार आपापलं यंत्र घेऊन आले. एक ४,००० लुमेनचं, फिरत्या रंगचकतीवर चालणारं, म्हणजे डीएलपी पद्धतीचं. दुसरं ३,५०० लुमेनचं, तीन एलसीडी पॅनेलवालं, म्हणजे लाल, हिरव्या, निळ्या रंगाला वेगवेगळं पॅनेल असलेलं. पांढरं चित्र लावलं तेव्हा मध्यावर पहिल्याचे ११८० लक्स, दुसऱ्याचे १०९०. पहिलं उजळ, आणि चार हजार रुपयांनी स्वस्त. तात्या त्याच्याकडे झुकले होते. मग मी पूर्ण लाल, पूर्ण हिरवं आणि पूर्ण निळं अशी तीन चित्रं एकामागून एक लावायला सांगितली. पहिल्याचे आकडे ९६, ३०१ आणि ३८. बेरीज ४३५. दुसऱ्याचे २२८, ७७० आणि ७६. बेरीज १०७४, म्हणजे जवळजवळ त्याच्या पांढऱ्याइतकीच.

कारण असं की रंगचकतीवर लाल, हिरव्या, निळ्या काचेबरोबर एक पारदर्शक खिडकी असते. पांढरा दाखवताना तिच्यातून जादा उजेड सोडला जातो, रंग दाखवताना तिचा उपयोग होत नाही. मजकुराच्या स्लाइड दाखवायच्या असतील तर ते यंत्र अगदी योग्य आहे, आणि सगळ्याच डीएलपी यंत्रांत फरक इतका मोठा नसतो. पण आम्हाला मुलांना पक्षी, नकाशे, चित्रपट दाखवायचे होते. दोघांवर एकच आंब्याचा फोटो लावला तेव्हा पहिल्यावरचा आंबा मळकट दिसला आणि तात्यांनी स्वतःच दुसऱ्याकडे बोट दाखवलं. रंगीत उजेड असा तीन रंग वेगवेगळे मोजून बेरजेने सांगायची रीत २०१२ पासून प्रदर्शन-मापनाच्या आंतरराष्ट्रीय मानकात आहे. पत्रकात हा आकडा नसेल तर दुकानदाराला लाज न बाळगता ही तीन चित्रं लावायला सांगा. दोन मिनिटांचं काम आहे.

१ जुलैला संस्थेच्या नावाने खरेदी आदेश, ९ जुलैला यंत्र. १३ जुलैला पुन्हा मामांची सुतळी. नऊ ठिकाणांची सरासरी ९६७ लक्स, गुणिले ३.३४, म्हणजे सुमारे ३,२३० लुमेन. पत्रकात ३,५००. तात्यांना वाटलं पुन्हा फसलो. पण आयएसओच्या नियमानुसार पत्रकातला आकडा उत्पादनाची सरासरी सांगतो आणि एखादं यंत्र त्याच्या ८० टक्क्यांच्या खाली जाऊ नये अशी मर्यादा आहे. आमचं ९२ टक्के भरलं. शिवाय आमचा मीटरही चार-पाच टक्के इकडेतिकडे असणारच. नव्वद टक्के आले तर समाधान मानावं.

त्या ३,२३० मध्ये आणखी एक मेख आहे. हा आकडा सगळ्यात भगभगीत सेटिंगचा, ज्यात पांढऱ्या रंगावर हिरवट झाक येते आणि पंखा घरघरतो. चांगल्या रंगांचं सेटिंग आणि वीज वाचवणारा मोड लावला की सरासरी ६४० लक्स, म्हणजे सुमारे २,१४० लुमेन. खरा रोजचा आकडा हाच, खरेदीचा हिशेब यावरच करायला हवा. जाड पडदे ओढल्यावर कक्षात ६ लक्स उरले. ६४६ भागिले ६, प्रमाण १०७. ऑक्टोबरच्या भर उन्हात दुपारी चारला पुन्हा मोजलं तेव्हा ९ लक्स होते, तेव्हाही सत्तरच्या वर. तुलनेसाठी, चित्रपटगृहाच्या पडद्यावर ठरलेली उजळता ४८ कँडेला प्रति चौरस मीटर असते (पृष्ठभाग किती उजळ दिसतो याचं हे माप), साध्या पांढऱ्या भिंतीवर ती यायला सुमारे १५० लक्स पुरतात. म्हणजे पुरत्या अंधारात आपल्याला वाटतं त्यापेक्षा कितीतरी कमी लुमेन लागतात.

दिव्याचं आयुष्य पत्रकात ६,००० तास, वीज वाचवणाऱ्या मोडवर १२,००० असं आहे. त्या तासांच्या शेवटी उजेड साधारण निम्मा झालेला असतो, म्हणून घेताना गरजेच्या काठावरचं यंत्र घेऊ नये. आम्ही वहीच्या शेवटच्या पानावर तास आणि मध्यावरचे लक्स लिहून ठेवतो.

हिशेब असा झाला : प्रोजेक्टर ६१,४००, पडदे ६,८००, सुताराकडून स्टँड १,२००, दहा मीटरची एचडीएमआय वायर ९००, आणि मावसभावाचा मीटर परत देऊन वाचनालयासाठी घेतलेला नवा मीटर १,८५०. एकूण ७२,१५०. देणगीचे २५,०००, एकतीस सभासदांनी दिलेले पाचशे-पाचशे म्हणजे १५,५००, आणि उरलेले ३१,६५० वाचनालयाच्या निधीतून.

१२ ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, पहिला कार्यक्रम केला. फेब्रुवारीत राहिलेल्या त्याच कविता होत्या. ती मुलगी तेव्हा पाचवीत गेली होती. ती मागच्या रांगेत बसली होती आणि तिथूनच वाचत होती.

मीटर आता संदर्भ विभागाच्या कपाटात असतो. तालुक्यातल्या कुठल्याही शाळेला वहीत सही करून चार दिवसांसाठी नेता येतो. आतापर्यंत तीन शाळांनी नेला. त्यातल्या एका गुरुजींनी परत देताना सोबत चिठ्ठी दिली होती, नऊ आकडे नीट तीन ओळींत लिहिलेले, खाली गुणाकार, आणि शेवटी प्रश्न : “१९१५ ला फोन करताना हे आकडे पुरतील ना?” मी त्यांना भिंतीचा फोटोही काढून ठेवायला सांगितलं.